पाटीतला आवाज

दीपाली वानखडे बोलताना 'मी' असं फारसं म्हणत नसे. "आम्हाला कालपासून कणकण वाटतेय," असं ती दवाखान्यात सांगे, आणि एखादा नवखा डॉक्टर थर्मामीटर हातात धरून दोघींकडे आळीपाळीनं बघत राही. ताप नक्की कुणाला? हिला, की चाकाच्या खुर्चीत बसलेल्या हिच्या मुलीला? भाजीवाल्याला ती सांगे, "आम्हाला दोडका चालत नाही." शाळेत बाईंना सांगे, "आमचा गृहपाठ झालाय, फक्त शेवटचं गणित राहिलंय." खडकीत कारखान्याच्या वसाहतीत ती राहायची. तिथं सगळ्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की दीपाली एकटी दिसली तरी लोक विचारत, "काय, कशा आहात दोघी?"

मुलीचं नाव सृष्टी. जन्मली तेव्हा ती उशिरा रडली, आणि तेवढ्या वेळात मेंदूला जी इजा व्हायची ती होऊन गेली. हातपाय तिच्या मनासारखे वळत नसत, मान डुगडुगे. घशातून आवाज निघे, पण त्याचा शब्द होत नसे. कळायचं मात्र सगळं. टीव्हीवर कुणी विनोद केला की बापाच्या आधी ती हसे. दीपालीनं फार लवकर ओळखलं की पोरगी आत पूर्ण जागी आहे, फक्त दाराची कडी बाहेरून लागलेली आहे. मग तिनं स्वतःच दार व्हायचं ठरवलं. डोळे वर गेले की हो, ओठ घट्ट मिटले की नाही, हे दोघींचं ठरलेलं. बाकीचं सगळं दीपाली चेहऱ्यावरून ओळखे आणि जगाला सांगे. पाहुण्यांपुढे ती म्हणे, "सृष्टी म्हणते, तुमची साडी छान आहे." आणि सृष्टीकडे वळून बघितलं तर खरंच ती त्या साडीकडे बघत असे.

दीपाली मूळची दर्यापूरकडची. लग्न होऊन पुण्यात आली, तेव्हा तिचा नवरा श्याम कारखान्यात नुकताच कायम झाला होता. पहिल्याच आठवड्यात ती बाजारात किराणा आणायला गेली आणि म्हणाली, "मले अर्धा किलो साखर द्या." दुकानदार हसला नाही. त्यानं नुसतं मागे वळून आपल्या बायकोकडे बघितलं. तेवढं दीपालीला पुरलं. त्यानंतर ती कान देऊन ऐकायला लागली. मला, तुला, कशाला, अहो, जरा. उंबऱ्याबाहेर पुण्याची भाषा आणि आत श्यामशी वऱ्हाडी, अशी तिनं वाटणी करून टाकली. मुलीशी मात्र ती घरातही पुण्याचंच बोले. पोरीला आणखी एका गोष्टीवरून कुणी हसायला नको, असं तिच्या मनात असे.

सृष्टी पाचवीत असताना शाळेतल्या बाईंनी त्यांना नीरजा मॅडमचा पत्ता दिला. बोलता न येणाऱ्या मुलांबरोबर काम करणाऱ्या या मॅडमचं केंद्र डेक्कनच्या मागच्या गल्लीत होतं. जन्म सदाशिव पेठेतला, आणि जीभही तिथलीच. पहिल्या भेटीत त्यांनी सृष्टीसमोर खुर्ची ओढली, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

"सृष्टी श्याम वानखडे," दीपाली म्हणाली. "आम्ही पाचवीत आहोत."

"अभिनंदन," नीरजा मॅडम तिच्याकडे न बघताच म्हणाल्या. "तुमच्या पाचवीबद्दल आपण नंतर बोलू. आधी हिच्याशी बोलते, चालेल?"

दीपालीला ते लागलं. पण त्याच दिवशी तिनं एक गोष्ट पाहिली, आणि ती राग विसरली. मॅडमनी खुर्चीच्या हाताला एक टॅब बसवला. त्याच्या काचेवर चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात एक चित्र: पाणी, भूक, दुखतंय, चल, नको, आई, बाबा. एक पिवळा उजेड त्या चौकोनांवरून ओळीओळीनं सरकत होता. सृष्टीच्या उजव्या मुठीखाली एक मोठं लाल बटण ठेवलेलं होतं. सगळ्या शरीरात तिचं थोडंफार ऐकायची ती ही एवढी मूठ. हव्या त्या चौकोनावर उजेड आला की मूठ दाबायची, आणि टॅब तो शब्द बोलणार.

उजेड फिरला, पुन्हा फिरला. सृष्टीची मूठ दोनदा चुकीच्या वेळी पडली. मग टॅब म्हणाला, "नको."

"काय नको?" मॅडमनी विचारलं.

उजेड फिरत राहिला. "दुखतंय."

दीपाली धावली. खुर्चीचा पट्टा पोरीच्या काखेत रुतला होता. सकाळपासून रुतला असणार, आणि तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

टॅब घरी आला. घरात त्याला सगळे 'पाटी' म्हणायला लागले. एकच अडचण होती. पाटीतला यंत्राचा आवाज फार लाकडी होता. ना बाईचा ना पुरुषाचा, चढ नाही, उतार नाही. 'चांगलं'मधला च तो 'चित्र'मधल्या चसारखा म्हणे. नीरजा मॅडमनी सांगितलं की प्रत्येक चौकोनात आपल्याला आवडेल तो आवाज भरता येतो. मग काय! दीपालीनं दुपारच्या वेळी खिडक्या लावून घेतल्या, कुकर बंद केला, पंखाही बंद केला, आणि घामाघूम होत एकेक शब्द पाटीत बोलत गेली. 'मला पाणी हवंय.' 'मला कंटाळा आलाय.' 'बाई, मला शंका आहे.' स्वच्छ, गोड, ऐकणाऱ्याला कळूच नये की बोलणारी दर्यापूरकडची आहे. कुठं 'मले' निसटलं तर पुसून पुन्हा बोले. पुढे चौकोन वाढत गेले तशी ती भर घालत राहिली.

श्याम संध्याकाळी घरी आला, तेव्हा खुर्चीतून बायकोचा आवाज आला, "बाबा, इकडे या." तो स्वयंपाकघराकडे वळला, मग थबकला आणि हसायला लागला. "एक दीपाली पुरत नव्हती का मले? आता दोन झाल्या!"

दीपालीला त्या रात्री फार समाधान वाटलं. पोरगी बोलायला लागली होती, आणि आईच्या आवाजात.

तशी काही वर्षं गेली. सृष्टी वर्गाबरोबर पुढे सरकत होती. लिहायला लेखनिक मिळे, गणितात ती चांगली होती. पाटीवर आता चित्रांबरोबर अक्षरांचं पानही आलं होतं. त्यावर एकेक अक्षर, मग काना, मग मात्रा असं जुळवत तिला मनातलं कुठलंही वाक्य मांडता येई. त्याला वेळ फार लागे. चहा गार होऊन जाई. आणि अशा जुळवलेल्या वाक्यात आधी भरलेला आवाज नसे, ते यंत्रच आपल्या लाकडी आवाजात वाचून दाखवी. दीपालीला ती वाट बघणं जमत नसे. सृष्टीनं 'उ' काढला की ती म्हणे, "उकडतंय? खिडकी उघडू?" मग 'द' आला की, "उद्या? उद्या काय आहे?" कधीकधी तिचा अंदाज बरोबर निघे आणि सृष्टी डोळे वर करी. कधी बरोबर नसतानाही करी, कारण पुन्हा पहिल्यापासून जुळवण्याचा तिला कंटाळा येई. हे दीपालीला तेव्हा माहीत नव्हतं.

नववीच्या मध्यावर सृष्टीनं वर्गात बोलणं बंद केलं. घरी पाणी, भूक एवढंच. शाळेत मूठ बटणावर पडेचना. बाईंनी निरोप पाठवला. दीपाली तिला घेऊन दवाखान्यात गेली, "आम्हाला हल्ली उत्साह वाटत नाहीये," म्हणाली आणि टॉनिक घेऊन आली. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी दोघी बोपोडीहून मेट्रोनं डेक्कनला निघाल्या. मेट्रोला लिफ्ट असल्यापासून हा प्रवास सोपा झाला होता. एरवी सृष्टी नदी दिसली की खुर्चीत ताठ होई. त्या दिवशी ती मान खाली घालून बसली होती.

केंद्रात नीरजा मॅडमनी काही विचारायच्या आत सृष्टीनं अक्षरांचं पान उघडलं. उजेड सरकू लागला. दीपाली बाजूच्या स्टुलावर बसून पुटपुटत होती, "आ... आज? आजारी?" मॅडमनी हात वर करून तिला गप्प केलं. बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होऊन निघूनही गेली. मग लाकडी आवाज म्हणाला:

"आईला बाहेर जायला सांगा."

दीपालीला वाटलं, यंत्रच काहीतरी चुकलं. तिनं मुलीकडे बघितलं. सृष्टी तिच्याकडे बघत नव्हती.

"ऐकलंत ना?" नीरजा मॅडम म्हणाल्या. पण या वेळी त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. "बाहेर बाकडं आहे. पाणीही आहे."

दीपाली बाहेर जाऊन बसली. पंधरा वर्षांत पोरीच्या आणि तिच्या मध्ये कधी बंद दार आलं नव्हतं. आतून तो सपाट आवाज ऐकू येत होता, थांबत थांबत, पण शब्द कळत नव्हते. लोकांना आजवर तिची मुलगी अशीच ऐकू आली असेल, आवाज येतोय पण अर्थ नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. दार उघडलं तेव्हा ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असल्यासारखी उभी होती.

"काय म्हणाली ती, मॅडम?"

"ते तीच सांगेल. मी काही निरोप्या नाही," नीरजा मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दीपालीताई, एक करा. ती सांगत असताना मध्ये बोलू नका. ओठ चावा हवं तर. तिचं वाक्य तिला संपवू द्या."

संध्याकाळी घरी श्याम आल्यावर स्वयंपाकघरात दीपालीचा बांध फुटला. "मी पंधरा वर्सं हिची जीभ झाली. अन् आता हे मलेच बाहीर काढते? कायले शिकवली मंग हिले ते पाटी?"

श्याम मुळात कमी बोलणारा. त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तिले इचारलं का तू?"

"इचारायचं काय त्यात?"

"इचार नं. आता तं बोलते ते."

बाहेरच्या खोलीत सृष्टी पाटी उघडून बसलीच होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. दीपाली समोर मांडी घालून बसली आणि तिनं खरोखरच खालचा ओठ दातांत धरला. उजेड सरकत राहिला. 'व' आला, दीपालीच्या जिभेवर शब्द आला, तिनं गिळला. 'वर्' झालं, तिनं परत गिळला. श्याम दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"वर्गात मला काकू म्हणतात. तुझ्या आवाजामुळे."

दीपाली ताडकन उठली. "कोण म्हणतं? नाव सांग मला. उद्याच येते शाळेत, बघते एकेकाला!"

सृष्टीच्या घशातून चिडका आवाज निघाला. तिनं चित्रांचं पान आणलं आणि हवा तो चौकोन उजळताच मूठ बटणावर आपटली. तो दीपालीनंच आवाज भरलेला चौकोन होता, त्यामुळे दीपालीच्याच गोड आवाजात खोलीत शब्द उमटला: "नको!"

श्याम तोंडावर हात ठेवून हसला. दीपाली खाली बसली. तिलाही ते कळलं, आणि कळल्यावर आपल्या आवाजाची तिला पहिल्यांदाच लाज वाटली. पंधरा वर्षांची पोर, शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलामुलींशी काही बोलायला जाते, आणि तोंडातून चाळिशीतली बाई बोलते. 'बाई, मला शंका आहे.' कशी बोलेल ती?

मग त्या आठवड्यात एकामागून एक गोष्टी बाहेर पडत गेल्या. दोन वेण्या नकोत, एक घाल. बदामाचं दूध मला कधीच आवडलं नाही. हे ऐकून दीपालीचं तोंड उतरलं. पोरगी लहान असल्यापासून ती रोज बदाम उगाळून ते दूध देत होती आणि सगळ्यांना सांगत होती, आम्हाला बदामाचं दूध म्हणजे जीव की प्राण. दूध पिताना सृष्टी डोळे वर करायची, हे खरं. "लवकर संपावं म्हणून," लाकडी आवाज म्हणाला.

सगळ्यांत नवल वाटलं ते आगगाडीचं. दर रविवारी संध्याकाळी श्याम सृष्टीला रेल्वेरुळांच्या बाजूला फिरायला नेई. लहानपणी एकदा गाडी बघून ती खदखदून हसली होती, तेव्हापासूनचा हा नेम. दीपालीनं वसाहतभर सांगून ठेवलं होतं, आम्हाला आगगाडीचं भारी वेड. नातेवाइकांनी खेळण्यातल्या इतक्या गाड्या दिल्या होत्या, की पलंगाखाली जागा उरली नव्हती.

"गाडी नाही आवडत," सृष्टीनं जुळवलं. "बाबा गातात ते आवडतं."

दीपालीनं श्यामकडे बघितलं. लग्नात उखाणासुद्धा धड न घेतलेला हा माणूस. "तुमी गाता?"

श्यामचे कान लाल झाले. "गाडी आली का मोठा आवाज होते. कोनाले आयकू नाई येत. मंग मी... गातो जरासं."

"काय गाता?"

"जे येते ते. मोठ्यानं."

सृष्टी खुर्चीत पुढेमागे होत हसत होती. इतकी वर्षं या दोघांचं आपल्या मागे काय चाललं होतं, हे बघून दीपालीला रागही आला आणि हसूही. पुढच्या रविवारी ती स्वतः त्यांच्याबरोबर गेली. मालगाडी आली, श्यामनं बायकोकडे बघितलं आणि तोंड उघडलंच नाही. घरी आल्यावर सृष्टीनं जुळवलं, "पुढच्या वेळी तू येऊ नकोस." त्या वेळी मात्र दीपाली हसली.

पण आवाजाचा प्रश्न राहिलाच होता. नीरजा मॅडमची भाची स्वराली कॉलेजात शिकत होती. आवाज तरुण, मोकळा. तिनं हौसेनं काही वाक्यं भरून पाठवली. सृष्टीनं ती पुन्हा पुन्हा ऐकली आणि ओठ घट्ट मिटले. मग मॅडमनी शेजारच्या एका मुलीचा आवाज ऐकवला. तोही नको. शेवटी तिनं अक्षरांचं पान उघडलं.

"यंत्राचाच ठेवा."

"तो?" दीपालीला राहवलं नाही. "अगं, त्याला धड 'चांगलं' म्हणता येत नाही!"

उजेड सरकला. दीपालीनं ओठ धरला.

"म्हणू दे. स्वराली स्वराली आहे. हा कुणी नाही."

नीरजा मॅडम चष्मा काढून पुसायला लागल्या. "बरोबर आहे तिचं," त्या चष्मा परत चढवत म्हणाल्या. "मी पण आठ लोकांचा सल्ला घेतला, जिला विचारायचं तिला सोडून."

आवाज पुसायचं काम दीपालीनं स्वतःकडे घेतलं. सेटिंगमध्ये एका ठिकाणी बोट ठेवलं की सगळं एकदम पुसता येतं, असं मॅडमनी सांगितलं होतं. दीपालीनं तसं केलं नाही. सुट्टीच्या दुपारी, सृष्टी झोपलेली असताना, पाटी मांडीवर घेऊन ती एकेक चौकोन उघडत गेली. आवाज ऐकायचा आणि पुसायचा. 'मला पाणी हवंय.' त्या वेळी तिला जरा सर्दी होती, ऐकू येत होतं. 'बाबा, इकडे या.' यात मागे दुधवाल्याची घंटी. 'आई.' हा तिनं खूपदा भरला होता, मनासारखा होईना म्हणून. आपणच आपल्याला आई म्हणून हाक मारत होतो, आणि पोरीनं मारली असं समजून ओ देत होतो. तिचं बोट त्या चौकोनावर बराच वेळ थांबलं. सृष्टीला विचारावं, हा एक राहू दे का, असं वाटलं. मग तिनं तोही पुसला. संध्याकाळी तिनं ते सांगितलं, तेव्हा मुलीनं डोळे वर केले. बस्स, एवढंच. 'थँक यू' नाही, काही नाही. रात्री दीपालीनं श्यामजवळ तक्रार केली. श्याम म्हणाला, "अवं, पोट्टी मोठी झाली."

दोन-तीन दिवसांनी सकाळी दीपाली तिची वेणी घालत होती. एकच वेणी. आदल्या दिवशी श्यामच्या मोठ्या भावाचा गावाहून फोन आला होता, कुणाच्या तरी लग्नाला आला नाहीत म्हणून खूप बोलून घेतलं होतं, आणि दीपालीचा चेहरा अजून उतरलेला होता. पाटीवर उजेड सरकत होता. दीपालीचं लक्ष नव्हतं. तिला वाटलं, शाळेचं काहीतरी असेल.

"काहून वं माय?" पाटी म्हणाली.

कंगवा दीपालीच्या हातातून पडला. त्या लाकडी, सपाट, ना पुण्याच्या ना वऱ्हाडाच्या आवाजात ते शब्द इतके विचित्र वाटत होते, की आधी तिला अर्थच लागला नाही. मग पाटी पुन्हा म्हणाली. सृष्टीनं तेच वाक्य परत दाबलं होतं.

"काहून वं माय?"

'का गं आई?' असं विचारणारा हा 'काहून' दीपालीनं पाटीत कधी भरला नव्हता. पोरीला कधी शिकवला नव्हता. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून पंधरा वर्षं ऐकून, साठवून, आज तिनं तो अक्षर अक्षर जुळवला होता. आतून श्याम अर्ध्या दाढीनं धावत आला. "कोण बोललं?"

"तुमची लेक," दीपाली म्हणाली. मग तिनं सृष्टीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पहिल्यांदाच तिच्याशी आपल्या भाषेत बोलली. "काई नाई वं. थकली मी. थोरल्या भाऊजीनं लय आयकवलं मले काल."

सृष्टीचा उजेड सरकायला लागला. दीपाली थांबली. ओठ चावावा लागला नाही, कारण काय येणार याचा तिला काहीच अंदाज नव्हता.

"फोन मले द्या लागत होता," पाटी म्हणाली. "मी बोलली असती."

तिघंही इतकी हसली की शेजारणीनं दार वाजवलं.

त्यानंतर घरातला व्यवहार बदलला. घरात वऱ्हाडी, बाहेर पुण्याची भाषा, ही वाटणी आता सृष्टीही करायला लागली. वर्गात ती बोलायला लागली. आवाज यंत्राचा म्हणून सुरुवातीला मुलांनी तिला 'रोबो' म्हटलं. केयूर नावाचा एक मुलगा त्यात पुढे. दीपालीला ते कळलं, आणि 'नाव सांग, मी येते' हे तिच्या ओठावर आलं होतं. सृष्टीनं आधीच सांगून टाकलं, "काकूपेक्षा रोबो बरा." पुढे हाच केयूर मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी डबा खाताना दिसायला लागला. ती त्याला काय म्हणाली असेल ते दीपालीला कधी कळलं नाही.

दहावीचं वर्ष आलं. तोंडी परीक्षेच्या आधी मुख्याध्यापकांनी दोघींना बोलावून घेतलं. माणूस भला होता. "अशा मुलांसाठी आपण तोंडीऐवजी काहीतरी लेखी काम देण्याची परवानगी मागू," ते म्हणाले. "उगाच तिला त्रास नको. काय दीपालीताई?"

दीपालीला ते पटलं होतं. बाहेरच्या परीक्षक येणार, अनोळखी बाई. उजेड सरकायला किती वेळ लागतो, हे त्यांना काय माहीत? त्या कंटाळतील, घड्याळ बघतील, नाही तर दयेनं पूर्ण मार्क देऊन टाकतील. तिनं तोंड उघडलंही. मग मुख्याध्यापकांना म्हणाली, "तिलाच विचारा ना, सर."

सर सृष्टीकडे वळले. थांबायची त्यांनाही सवय नव्हती. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. शिपाई चहा घेऊन आला.

"सूट नको. मी बोलेन," पाटी म्हणाली. आणि मग, सर पुढचं काही बोलणार इतक्यात, "वेळ मात्र जास्त द्या."

परीक्षेच्या दिवशी दीपालीनं खुर्ची वर्गाच्या दारापर्यंत ढकलली. आत एक मध्यम वयाच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी दीपालीला नमस्कार केला आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला. "या ना, तुम्ही पण बसा. मुलीला मदत होईल."

"नको, मॅडम," दीपाली म्हणाली. "मी बाहेर आहे." दार तिनं स्वतःच ओढून घेतलं.

वऱ्हांड्यात बाकावर आणखी एक बाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा पुढच्या क्रमांकावर होता आणि कोपऱ्यात उभा राहून काहीतरी घोकत होता. आतून तो सपाट आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. दीपाली मांडीवर हात ठेवून बसली. काही वेळानं शेजारच्या बाईंनी विचारलं, "ती तुमची मुलगी का? कुठल्या तुम्ही?"

"इथं खडकीतल्याच," ती म्हणाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, "तशी दर्यापूरकडची."

"अगं बाई! मी मूर्तिजापूरची!" त्या बाई वळून बसल्या. "मंग पह्यलेच काहून नाई सांगतलं?"

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. कुठलं गाव, माहेर कुणाचं, नदीला आता पाणी असतं का, आखाजीच्या सणाला तुमच्याकडे काय करायचे. दीपाली आपल्या धाकट्या बहिणीबद्दल सांगत होती. दोघी लहानपणी कापूस वेचायला जायच्या, आणि एकदा वाटेत बैलगाडीचं चाक निखळलं होतं. ते सांगताना ती हातवारे करत होती. तिच्या बोलण्यात दवाखाना नव्हता, खुर्ची नव्हती. बोलता बोलता ती इतकी रंगली की वर्गाचं दार उघडलेलं तिला कळलंच नाही.

परीक्षक बाईंनी खुर्ची बाहेर ढकलून आणली होती. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण सृष्टीनं ओठ घट्ट मिटले आणि त्या थांबल्या. सृष्टी आईकडे बघत होती. गोष्टीतली बैलगाडी अजून उताराला लागायची होती.

गोष्ट संपली तेव्हा दीपालीनं वर बघितलं आणि एकदम उभी राहिली. "अगं! झालं? कधी आलीस?"

परीक्षक बाई म्हणाल्या, "छान झाली हं परीक्षा," आणि घाईनं पुढच्या मुलाला घेऊन आत गेल्या. त्यांचे डोळे जरा ओलसर होते, की वऱ्हांड्यातल्या उन्हामुळे तसं वाटलं, ते दीपालीला ठरवता आलं नाही.

मूर्तिजापूरच्या बाईंचा नंबर घेऊन दोघी शाळेबाहेर पडल्या. ऊन कलायला लागलं होतं. खडकी बाजारातल्या गर्दीतून खुर्ची ढकलताना दीपाली वाकून विचारत राहिली, "काय इचारलं वं तुले? निबंधाचं का? का कवितेचं? तू काय सांगतलं?"

पाटीवर उजेड सरकायला लागला. दीपालीनं खुर्ची रसाच्या दुकानाच्या सावलीत थांबवली. एक रिक्षा मागून हॉर्न वाजवत होती. तिनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"मंग सांगतो," सृष्टी म्हणाली.

त्या परीक्षेला आता वर्ष होईल. सृष्टी अकरावीत आहे, आणि आत काय विचारलं होतं ते तिनं आईला अजून सांगितलेलं नाही. दीपालीनंही पुन्हा विचारलेलं नाही.